पाठीवर पडल्यावर काय करायचं? ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मूलभूत हालचाली

कुस्तीच्या बहुतेक प्रकारांत पाठ टेकली की लढत संपते. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठ टेकली तरी लढत चालूच असते, आणि नवशिक्याचे पहिले कित्येक महिने तर बहुतेक पाठीवरच जातात. वर कुणीतरी बसलेलं असतं, छातीवर वजन असतं, श्वास पुरत नाही आणि हातांनी कितीही ढकललं तरी काही हलत नाही. मग नवीन माणूस आणखी जोर लावतो. जोर संपतो, वरचा माणूस तिथेच असतो.

मी शिकायला लागले तेव्हा मला वाटायचं, जास्त डाव माहीत झाले की हे कोडं सुटेल. डाव वाढत गेले, सुटका मात्र होईना. वर्गात बहुतेक जण माझ्यापेक्षा वजनाने जास्त, त्यामुळे ताकदीवर काही निभावण्यासारखं नव्हतंच. फरक पडला तो दोन गोष्टी अंगात मुरल्यावर: शरीरांमध्ये जागा कशी करायची, आणि केलेली जागा समोरच्याच्या आधी आपण कशी भरायची. खालच्या माणसाला जागा हवी असते, वरच्याला ती नको असते. सुरुवातीच्या सगळ्या ड्रिलमागे एवढंच गणित आहे. म्हणून खाली दिलेली प्रत्येक हालचाल करताना स्वतःला विचारत राहा: आत्ता मी जागा करते आहे की भरते आहे?

सुरू करण्याआधी

एकट्याने करायच्या ड्रिलना तुमच्या उंचीच्या साधारण दुप्पट लांबीची मऊ जागा पुरते. मॅट नसेल तर जाड सतरंजीवर श्रिम्प आणि ब्रिज (या दोन्ही हालचाली पुढे येतील) करता येतात, पण लोळण आणि पडण्याचा सराव कडक जमिनीवर अजिबात करू नका. हातापायांची नखं कापलेली हवीत. अंगठी, कानातलं, घड्याळ काढून ठेवा. पाय अनवाणी हवेत, मोज्यांवर टाच घसरते आणि सगळी हालचाल खोटी होते. मान किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच लोळणीकडे वळा.

पाच मिनिटं अंग गरम करा. खांदे, मनगटं, घोटे फिरवा, गुडघे छातीशी ओढा. मान मात्र गोल गोल गरागरा फिरवू नका, हळू डावीकडे-उजवीकडे, वर-खाली एवढंच.

पाठीवर कसं असायचं

आपण झोपायला पडतो तसं इथे पडायचं नाही. हनुवटी छातीकडे, डोकं जमिनीपासून किंचित उचललेलं, पाठ गोलसर, गुडघे छातीकडे, आणि कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकलेली. कोपर आणि गुडघा यांच्यातलं अंतर हा तुमच्या घराचा दरवाजा आहे असं समजा. तो उघडा राहिला की समोरच्याचा हात, डोकं, गुडघा, काहीही आत शिरतं.

या स्थितीत एक मिनिट नुसतं डावीकडे-उजवीकडे डोला. प्रत्येक वेळी पूर्ण कुशीवर या आणि परत या. कोपर गुडघ्यापासून सुटतंय का तेवढं बघा. सोपं वाटतं, पण तिसाव्या सेकंदाला मान भरून येते आणि डोकं मागे पडायला लागतं. ते पडलं की थांबा, श्वास घ्या, परत सुरू करा.

श्रिम्प: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

श्रिम्प म्हणजे कोळंबी. अंग आकसून मागे उसळी मारणाऱ्या कोळंबीसारखी ही हालचाल दिसते. ज्युदोतही तिला जपानीत कोळंबीचंच नाव आहे, एबी. ते नातं स्वाभाविक आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ज्युदो सुरू केलं, त्या परंपरेतले मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले, आणि त्यांच्याकडून ग्रेसी घराण्यात गेलेली विद्या पुढे जमिनीवरच्या लढतीकडे झुकत गेली.

उजव्या कुशीवरचा श्रिम्प असा करा.

1. पाठीवर पडा. दोन्ही गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर, टाचा कुल्ल्यांजवळ.
2. उजव्या कुशीवर वळा. उजवा खांदा जमिनीवर, डावा खांदा वर. उजवा पाय जमिनीवर सैल पडू द्या.
3. डावा तळपाय जमिनीत घट्ट रोवा. जोर याच पायातून येणार आहे.
4. त्या पायाने जमीन ढकला आणि कंबर मागे न्या, म्हणजे तुमचा चेहरा ज्या दिशेला आहे त्याच्या बरोबर उलट दिशेला. कंबर फरफटत नेऊ नका. क्षणभर वजन फक्त डाव्या पायावर आणि उजव्या खांद्यावर असतं, कुल्ला जमिनीवरून किंचित सुटतो.
5. त्याच वेळी दोन्ही हात पुढे, गुडघ्यांच्या दिशेने ढकला. शरीर कंबरेत घडी घातल्यासारखं दिसलं पाहिजे.
6. आता खालचा, म्हणजे उजवा गुडघा, छातीकडे आत ओढा. तो उजव्या कोपराला भेटला की एक श्रिम्प झाला.

सहावी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तिथेच या ड्रिलचा जीव आहे. चौथ्या पायरीत तुम्ही जागा केली, सहाव्या पायरीत ती भरली. गुडघा आत आला नाही तर वरचा माणूस अर्ध्या सेकंदात पुढे सरकून तीच जागा खातो आणि तुमची मेहनत फुकट जाते.

दुसरी चूक वर्गात रोज दिसते. मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत श्रिम्प करत जायला सांगितलं की सगळ्यांची शर्यत लागते. लवकर पोचायचं म्हणून लोक पाठीवर सपाट राहून पायाने स्वतःला डोक्याच्या दिशेने ढकलतात. लांबी कापली जाते, कंबर मात्र बाजूला जातच नाही. अशा श्रिम्पने अंगावर बसलेला माणूस तसूभरही हलत नाही.

ही चूक पकडायला तुमच्या गीचा, म्हणजे सरावाच्या पोशाखाचा, पट्टा पुरेसा आहे. तो मॅटवर सरळ लांब पसरा आणि पाठीचा कणा बरोबर पट्ट्यावर येईल असे आडवे व्हा. एक श्रिम्प करा आणि जिथे आहात तिथेच थांबा. आता मान वळवून बघा. खांदा अजून पट्ट्याजवळ आणि कंबर पट्ट्यापासून निदान वीतभर लांब असेल तर श्रिम्प झाला. कंबर अजून पट्ट्यावरच असेल तर तुम्ही कुशीवर पूर्ण वळला नाहीत, नाहीतर ढकलणारा पाय कुल्ल्यापासून फार लांब ठेवलात. मला ही तपासणी कुणी सांगितली नव्हती. एकदा सराव संपल्यावर पट्टा सहज खाली पडला होता आणि त्याच्याशेजारी मी श्रिम्प केला, तेव्हा कळलं की इतके दिवस मी नुसती वरवर सरकत होते.

दोन्ही कुशींवर दहा-दहा, सावकाश. प्रत्येकानंतर थांबून कोपर-गुडघा तपासा. डावी बाजू सहसा कच्ची असते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा.

पायांच्या दिशेने सरकायचा उलटा श्रिम्पही असतो. त्यात टाचा रोवून कंबर टाचांकडे ओढतात आणि खांदे मागून येतात. त्याची ओळख असू द्या, पण पहिल्या महिन्यात सरळ श्रिम्पच पक्का करा.

ब्रिज

पोर्तुगीजमध्ये याला उपा म्हणतात. श्रिम्पमध्ये तुम्ही स्वतः बाजूला होता, ब्रिजमध्ये वरच्याचं वजन हलवता.

टाचा कुल्ल्यांच्या जितक्या जवळ येतील तितक्या आणा. पायांनी जमीन ढकलून कंबर उचला. कंबर नुसती छताकडे गेली तर वरचा माणूस थोडा उंच होऊन परत तिथेच बसतो. म्हणून उचलताना एका खांद्यावर वळा. डाव्या बाजूला जायचं असेल तर डाव्या खांद्यावर या, नजर डाव्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे न्या आणि कंबर त्या तिरक्या दिशेने फेका. वजन खांद्यावर हवं, मानेवर नको. वरती पोचताना श्वास सोडा. नवीन माणसं नेमका इथेच श्वास कोंडून धरतात आणि तीन ब्रिजमध्ये दमतात.

माउंटमधून, म्हणजे समोरचा तुमच्या पोटावर स्वार असताना, उपाने उलटवायचं तर ज्या बाजूला लोळवायचं त्या बाजूचा त्याचा हात आणि पाय दोन्ही अडकवावे लागतात. डावीकडे लोळवायचं तर त्याचा उजवा हात छातीशी धरा, त्याच्या उजव्या पावलाबाहेर तुमचं डावं पाऊल ठेवा, मग डाव्या खांद्यावरून ब्रिज. हात मोकळा राहिला तर तो जमिनीवर टेकवेल आणि उलटणार नाही. टेबलाचे एका बाजूचे दोन्ही पाय काढले की टेबल त्याच बाजूला कलंडतं, तसंच हे.

यापुढची पायरी म्हणजे ब्रिज आणि श्रिम्प जोडणं. ब्रिज केल्यावर वरचा माणूस तोल सांभाळायला क्षणभर हलका होतो. तुमची कंबर खाली येत असतानाच कुशीवर वळून श्रिम्प करा. कंबर टेकून, थांबून, मग श्रिम्प केलात तर तो क्षण गेलेला असतो. एकट्याने सराव करताना "वर, वळ, मागे, गुडघा" अशी चार शब्दांची लय मनात म्हणा. प्रत्येक बाजूला पाच.

टेक्निकल स्टँड-अप: न भिडता उठणं

समोर कुणी उभं असताना दोन्ही हात टेकून, डोकं पुढे काढून उठणं धोक्याचं असतं. म्हणून ही पद्धत.

1. बसा. डावा गुडघा वाकलेला, डावा तळपाय जमिनीवर. उजवा पाय समोर लांब, सैल.
2. उजवा हात मागे, कुल्ल्याच्या थोडा मागे टेकवा. डावा हात चेहऱ्यासमोर.
3. उजव्या हातावर आणि डाव्या पावलावर भार घेऊन कंबर उचला. हा हात आणि पाय कर्णरेषेत असतात, तोल त्यामुळेच राहतो.
4. उजवा पाय कंबरेखालून मागे न्या आणि उजव्या हाताच्याही मागे टेकवा.
5. दोन्ही पाय स्थिर झाल्यावरच हात उचला आणि वाकल्या गुडघ्यांनी उभे राहा. नजर सतत समोर.

तिसऱ्या पायरीवर थांबून बघा. उजवा पाय हवेत, कंबर वर, अशा स्थितीत तीन आकडे मोजता आले पाहिजेत. डुगडुगत असाल तर हात शरीरापासून फार लांब टेकवलेला असतो. उठून झालं की त्याच वाटेने उलटं खाली बसा. बसण्याचा सराव उठण्याइतकाच उपयोगी आहे आणि मांड्यांना त्याचा चांगला व्यायाम होतो.

पडणं आणि लोळण

पडताना माणूस आपोआप हात मागे टेकवतो. पूर्ण वजन ताठ हातावर आलं की मनगट, कोपर किंवा गळ्याजवळचं हाड दुखावतं. ही सवय मोडण्यासाठी ब्रेकफॉल. उकिडवे बसा, हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करा आणि मागे लोळा. खांद्यांचा वरचा भाग टेकताना दोन्ही हात, तळवे खाली करून, शरीरापासून साधारण 45 अंशांच्या कोनात मॅटवर आपटा. डोकं मॅटला लागता कामा नये. उकिडव्यावरून जमलं की मगच उभ्याने.

पुढची लोळण डोक्यावरून जात नाही, खांद्यावरून तिरकी जाते. उजवा खांदा आत घातलात तर शरीर उजव्या खांद्यापासून डाव्या कुल्ल्यापर्यंत टेकत जातं. डोकं डावीकडे वळलेलं, डावा कान डाव्या खांद्याकडे. सुरुवात एका गुडघ्यावर बसून करा. एकदा वर्गाच्या शेवटी, दमलेली असताना, रांगेत मागे राहू नये म्हणून मी घाईने सरळ डोक्यावरून गेले. मानेत कळ आली आणि पुढचे आठ दिवस मागे वळून बघायला मला सगळं अंग फिरवावं लागत होतं. तेव्हापासून दमल्यावर मी लोळण करत नाही, आणि तुम्हीही करू नका.

वर असताना

वरच्या हालचाली थोडक्यात, कारण नवशिक्याला त्यांची गरज उशिरा पडते. स्प्रॉलमध्ये समोरचा पायांकडे झेपावला की तुम्ही पाय मागे फेकता आणि कंबर खाली टाकता. गुडघे मॅटला लागू देऊ नका, एक कुल्ला दुसऱ्यापेक्षा खाली आणि छाती वर ठेवा. गुडघे टेकले की तुमचं वजन समोरच्यावर न पडता मॅटवर जातं. एका दमात पाच, मग श्वास घ्या, असे तीन वेळा.

साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे पाठीवर पडलेल्या माणसाला बाजूने आडवं होऊन वरून दाबून धरलेलं असताना, छाती समोरच्याच्या छातीवर ठेवून एक पाय दुसऱ्याखालून काढत कंबर फिरवायला शिका. गुंडाळलेल्या गादीवर किंवा मोठ्या उशीवर हा सराव छान होतो. हात कमी आणि छाती जास्त वापरा.

जोडीदारासोबत

एकट्याने केलेली हालचाल वजनाखाली तपासावी लागते. इथे एक नियम ठेवा. पहिल्या पाच वेळा जोडीदाराने काहीच विरोध करायचा नाही, पुढच्या पाच वेळा फक्त वजन द्यायचं, आणि त्यानंतरच त्याने जागा खायचा प्रयत्न करायचा. सुरुवातीपासून पूर्ण विरोध केला तर दोघंही फक्त ताकद वापरतात आणि शिकणं बाजूला राहतं.

साइड कंट्रोलमधून सुटका: जोडीदार तुमच्या उजव्या बाजूला, छातीवर छाती. तुमचा डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, त्याच्या मानेशी आडवा. उजवा तसाच त्याच्या कंबरेशी. या दोन टेकूंना फ्रेम म्हणतात. फ्रेमने त्याला ढकलून देऊ नका, त्याला तिथे अडवून धरा आणि स्वतः दूर व्हा. छोटा ब्रिज, उजव्या कुशीवर वळणं, श्रिम्प, मग उजवा गुडघा त्याच्या पोटासमोरून आत. हात ताठ करून ढकलत राहिलात तर हात दमतो आणि वर आर्मबारची, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या डावाची, आयती संधी देता.

माउंटमधून कोपर-गुडघ्याची सुटकाही याच घडणीची. ब्रिज, उजव्या कुशीवर, उजवं कोपर त्याच्या डाव्या गुडघ्याला आतून लावायचं, श्रिम्प, आणि उजवा गुडघा खालून बाहेर. एका वेळी पूर्ण सुटका होत नाही. उजवीकडे अर्धी, डावीकडे अर्धी, पुन्हा उजवीकडे, अशी ती होते.

तिसरं ड्रिल गार्ड राखण्याचं. गार्ड म्हणजे खाली असताना आपले पाय समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवण्याची स्थिती. तुम्ही पाठीवर, जोडीदार उभा. तो हात न लावता तुमच्या पायांना वळसा घालून डोक्याकडे यायचा प्रयत्न करतो. तुम्ही कंबर फिरवत दोन्ही पावलं त्याच्या समोर ठेवायची. दोन मिनिटांत पोट दुखायला लागतं, आणि श्रिम्प कशासाठी शिकलो हे इथे नीट समजतं.

स्पर्धेच्या नियमांतही गुडघा वेळेत आत आणण्याला किंमत आहे. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत गार्ड पासला (समोरच्याचे पाय ओलांडून पुढे येण्याला) 3 गुण, माउंटला 4, स्वीप (खालून उलटवून वर येणं) आणि टेकडाउनला (उभ्याने खाली पाडण्याला) प्रत्येकी 2, पण ती स्थिती 3 सेकंद टिकवावी लागते. समोरच्याने पास केल्यावर त्या तीन सेकंदांत तुमचा गुडघा आत परत आला तर त्याला ते तीन गुण मिळत नाहीत. उपाने माउंट उलटवलंत तर मात्र तुम्हाला स्वीपचे गुण नाहीत, कारण स्वीपची सुरुवात गार्ड किंवा हाफ गार्डमधून (समोरच्याचा एकच पाय आपल्या पायांत अडकलेला असताना) व्हावी लागते.

जोडीने काहीही करताना टॅप, म्हणजे हार मानल्याची खूण, स्पष्ट द्या: समोरच्याच्या अंगावर दोन-तीन वेळा थापटा, हात अडकले असतील तर तोंडाने "टॅप" म्हणा. तुमच्या अंगावर थाप पडली की त्याच क्षणी सोडा.

किती आणि कधी

वर्गाशिवाय आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त डोलणं, श्रिम्प आणि ब्रिज. तिसऱ्या आठवड्यापासून टेक्निकल स्टँड-अप, प्रत्येक बाजूला पाच. पुढे ब्रिज-श्रिम्प जोडणी, आणि अंग ताजं असताना थोडे ब्रेकफॉल. लोळण वर्गात, प्रशिक्षकांच्या नजरेखालीच. वेग पहिला महिनाभर वाढवू नका. हळू करताना जिथे अडखळता, वेगात तिथे फक्त झाकलं जातं.

दर दोन आठवड्यांनी फोन जमिनीलगत, पायांच्या बाजूला ठेवून तुमचे पाच श्रिम्प चित्रित करा. बघताना तीनच गोष्टी शोधा: वरचा खांदा जमिनीवरून सुटतोय का, ढकलणारा तळपाय घसरतोय का, आणि खालचा गुडघा कोपरापर्यंत पोचतोय का. पट्टा मॅटवर पसरलेला असू द्या. पुढच्या वेळी फोन त्याच जागी ठेवा आणि दोन्ही चित्रफितींत कंबर आणि पट्टा यांच्यातलं अंतर शेजारी शेजारी लावून बघा.